अकरावं भिंग

“मग यातलं रविवारी कुठलं न्यायचं?”

सुहासनं तिसऱ्यांदा विचारलं. दस्तगीर मिस्त्रींनी तिसऱ्यांदा चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

टेबलावर टॉवेल अंथरलेला होता. त्यावर अकरा भिंगं ओळीनं मांडलेली. सगळी जुनी, हातानं फोकस करायची, लोखंडासारखी जड. काही जपानी, काही रशियन, एक पूर्व जर्मनीचं. दीड वर्षात सुहासनं ती कुठून कुठून गोळा केली होती. बंद पडलेल्या स्टुडिओतून, भंगारवाल्याकडून, फोनवर भेटलेल्या अनोळखी माणसांकडून.

नवं भिंग घ्यायची त्याची ऐपत नव्हती. पण हे तो कधी बोलून दाखवत नसे. जुन्या काचेत जी गंमत आहे ती नव्यात नाही, असं तो सांगे. फोटोवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नवखी पोरं विचारत, आणि हा पानभर उत्तर लिही. आयटीआयमध्ये दिवसभर शिकवून आला तरी शिकवायची हौस फिटत नव्हती.

“चाचा, आज गुरुवार आहे,” तो म्हणाला. “मधे दोनच दिवस राहिले.”

“ठाऊक हाय.”

“रविवारी दुकान बंद होणार. कायमचं.”

“तेबी सांगितलंस.”

दुकान सुहासच्या वडिलांचं. मिरजेत मार्केटच्या मागच्या बोळात, ‘पोरे टेलर्स’. एकेचाळीस वर्षं गजानन पोऱ्यांनी तिथं उभं राहून कापड कापलं होतं. आता रेडिमेडचा जमाना, कोण शिवून घेतंय, असं म्हणून त्यांनी एक दिवस जेवताना जाहीर केलं, की पुढच्या महिन्यापासून बंद. ताटावरून उठलेही.

सुहासला एक फोटो हवा होता. बाबा कटिंगच्या टेबलाशी उभे, हातात मोठी कात्री, दारातून येणारा उजेड. असा एकही फोटो घरात नव्हता. कॅमेरा घेऊन दीड वर्ष झालं तरी नव्हता, ही गोष्ट त्याला आता रात्रंदिवस टोचत होती. संधी एकच, आणि ती वाया गेली तर पुन्हा मिळणार नव्हती.

म्हणून भिंग नेमकं पाहिजे होतं.

त्यानं टॉर्च काढला. एकेक भिंग उचलून मागून उजेड सोडायचा आणि आत डोकवायचं, ही त्याची रोजची सवय.

“ह्यात कडेला बुरशीचा धागा आहे,” तो म्हणाला. दुसरं उचललं. “ह्याच्या पुढच्या काचेवर दोन ओरखडे.” तिसरं. “ह्यात धूळ. हे बघा, केवढी धूळ.”

मिस्त्रींनी हात पुढे केला. सुहास भिंग द्यायला गेला, तर त्यांनी टॉर्च घेतला. तो सरळ सुहासच्या डोळ्यात मारला.

सुहासनं तोंड फिरवलं.

“टॉर्च लावून बघितलं तर तुझ्यातबी कायतरी निघंल,” मिस्त्री म्हणाले, आणि टॉर्च बंद करून स्वतःच्या खिशात टाकला.

मिस्त्री पंचाहत्तरीचे. उभी हयात टॉकीजच्या प्रोजेक्टरवर गेली. टॉकीज बंद पडल्यावर मुलाच्या मोबाइलच्या दुकानामागं एक खोली घेऊन बसले आणि लोकांची भिंगं साफ करून देऊ लागले. पुण्यापासून लोक बुरशी लागलेली भिंगं घेऊन येत. कुणी शिकायला आलं तर त्याला शिष्य म्हणत नसत. नुसतं स्टूल पुढे सरकवत आणि हातात कापूस देत. सुहासला असं स्टूल मिळून वर्ष झालं होतं.

त्यांचा एकच नियम होता. भिंग बरं की वाईट, हे ते भिंग बघून कधी सांगत नसत. त्यातून काढलेला फोटो आणा, म्हणत. सुहास वर्षभर हा नियम शिताफीनं चुकवत आला होता. साफ करायला भिंग द्यायचं, स्क्रू कसा काढायचा ते शिकायचं, आणि फोटोचा विषय निघाला की घाईनं उठायचं.

“फोटो दाव,” मिस्त्री म्हणाले.

“फोटो म्हणजे… टेस्टचे आहेत.”

“तेच दाव.”

सुहासनं पिशवीतून लॅपटॉप काढला. आता सुटका नव्हती. पण एकदा फोल्डर उघडल्यावर त्याची भीड चेपली, कारण मांडणी पाहण्यासारखी होती. प्रत्येक भिंगाचं फोल्डर वेगळं, त्यात तारखा, तारखेखाली अपर्चरचे, म्हणजे भिंगाचं तोंड किती उघडं ठेवलं त्याचे, आकडे. कुणाही साहेबानं पाठ थोपटावी असं काम.

“दर रविवारी सकाळी आठला काढतो,” तो म्हणाला. “परसातल्या विटांच्या भिंतीसमोर. कॅमेरा तिपाईवर, अंतर तेच, उजेड तोच. छोट्या जाहिरातींचं पान. त्यातली अक्षरं सगळ्यात बारीक असतात. ती कोपऱ्यापर्यंत वाचता आली, तर भिंग पास.”

मिस्त्रींनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

पडद्यावर वर्तमानपत्राचं पान आलं. वधू पाहिजे. गाळा भाड्यानं देणे. कागदपत्रं हरवली आहेत.

पुढचं. पुन्हा पान. पुढचं. पुन्हा पान.

मिस्त्री एका बोटानं बटण दाबत राहिले. दहा, वीस, चाळीस… सुहासला बसवेना. तो उठला, खिडकीपाशी गेला, परत आला. एक भिंग उचलून त्याचं कडं करकर फिरवत राहिला.

“ह्या कोपऱ्यात बघा, अक्षर फुटलंय. हा दोष काचेचा…”

“हे कोन?”

“कोण?”

“पान धरलंय ते.”

सुहासनं वाकून पाहिलं. पानाच्या दोन्ही कडांना दोन अंगठे होते. वर थोडी हनुवटी, शर्टाची कॉलर आणि गळ्याशी एक गुंडी. बाकीचा माणूस पानामागं होता.

“ते बाबा,” तो म्हणाला. “विटांवर चिकटपट्टी टिकत नाही. एकदा वाऱ्यानं पान सारखं उडत होतं. बाबा चहा घेऊन आले होते, म्हणाले, आण, मी धरतो. तेव्हापासून तेच धरतात.”

“दर रविवारी?”

“दर रविवारी. आठच्या ठोक्याला येऊन उभे राहतात. सांगावं लागत नाही.”

“आणि त्येंचा फोटो?”

“…तोच तर ह्या रविवारी काढायचाय.”

मिस्त्रींनी मान हलवली. कशाला हलवली ते सुहासला कळलं नाही.

“ही सहा भिंगं तू दिवाळीपासनं नापास केलीस,” मिस्त्री म्हणाले. “त्यातली दोन मी उघडून बघितली. काय सापडलं नाही.”

“काहीतरी असणारच चाचा. सहाही भिंगांत अक्षरं ओली येतात, शाई पसरल्यासारखी. एकवेळ पूर्ण उघड्या अपर्चरला मी समजू शकतो. पण तोंड बारीक करून आठवर? आठवर तर खेळण्यातलं भिंगसुद्धा चांगलं येतं.”

“सहाच्या सहा बाद निघाली?”

“जुन्या मालाचं असंच असतं. लोक फसवतात. इचलकरंजीच्या एकाला तर मी तोंडावर खोटारडा म्हणालो आणि भिंग त्याच्या टेबलावर आपटून आलो. मग बायको म्हणाली, पैसेही दिलेस आणि भिंगही तिथंच टाकून आलास, तेव्हा परत जाऊन घेऊन आलो. ते हे अकरावं.”

अकरावं भिंग ओळीत शेवटी होतं. अठ्ठावीस मिलिमीटरचं, जपानी, बुटकं. पुढच्या कड्याला पोचा आलेला आणि कंपनीचं नाव झिजून गेलेलं. सगळ्यात स्वस्त पडलेलं.

मिस्त्रींनी त्याचं फोल्डर उघडलं आणि आठवरचा फोटो पडद्यावर मोठा केला.

“ओली आहेत ना अक्षरं?” सुहास म्हणाला.

“हायेत.”

“मग?”

“विटा बघ.”

सुहासनं पाहिल्या. प्रत्येक विटेची भेग दिसत होती. सिमेंटमधला वाळूचा कण दिसत होता.

“आता गुंडी बघ.”

कॉलरच्या गुंडीला चार भोकं होती. त्यातून गेलेला पांढरा दोरा दिसत होता. दोऱ्याचे पदर मोजता आले असते.

“मागची भित कडक,” मिस्त्री म्हणाले. “गळ्याची गुंडी कडक. त्येच्या वीतभर फुडं कागद, तेवढाच ओला.”

सुहासनं फोटो अजून मोठा केला.

दीड वर्षात त्यानं या फोटोतली अक्षरं हजार वेळा पाहिली असतील. गुंडी एकदाही पाहिली नव्हती.

“वारा असेल,” तो म्हणाला.

“दिवाळीपासनं दर रविवारी आठला?”

“…सकाळी सुटतो कधीकधी.”

मिस्त्रींनी वाद घातला नाही. ते सगळ्यात पहिल्या फोल्डरवर गेले आणि तिथला फोटो बाजूला लावला. मग मधला एक. मग दिवाळीनंतरचा. मग गेल्या रविवारचा. चार फोटो शेजारीशेजारी.

पहिल्यात पान नुसत्या अंगठ्यानं आणि बोटानं धरलेलं होतं. शिंपी जसा कापडाचा पोत बघायला धरतो, तसं हलकं.

दुसऱ्यात पानाला चारी बोटं लागलेली.

तिसऱ्यात मुठी होत्या. कागद चुरगळला होता. तेव्हा सुहास ओरडला होता, बाबा, पान चुरगळू नका, सरळ धरा. बाबा बरं म्हणाले होते.

चौथ्यात बाबा भिंतीला पाठ लावून उभे होते. कोपरं पोटाशी गच्च दाबलेली. अंगठ्यांची नखं जोर लावून पांढरी पडलेली. इतकं करूनही अक्षरं ओलीच आली होती.

बाहेरच्या दुकानात कुणीतरी मोबाइलची काच बदलून किती होतील ते विचारत होतं.

“कापायला हल्ली कोन असतं दुकानात?” मिस्त्रींनी हळूच विचारलं.

“कारागीर आहे. बाबा म्हणाले, कंटाळा आला. ते नुसतं माप घेतात.”

“कवापासनं?”

सुहासला आठवत होतं. दिवाळीच्या गर्दीत बाबांनी तीन गिऱ्हाइकांचं कापड परत केलं होतं. वेळ नाही, म्हणाले. दिवाळीत कुठला शिंपी कापड परत करतो? त्याला तेव्हा मनात खटकलं होतं, पण त्याच आठवड्यात पूर्व जर्मनीचं भिंग येणार होतं. मग तो भिंगाच्या नादात विसरला. बाबा कपात चहा अर्धाच ओतून घेऊ लागले होते. कात्री घेऊन फोटो नको, असं परवाच म्हणाले होते, आणि हा चिडला होता, की मग फोटो काढायचा तरी कशाचा.

आणि रेडिमेडचा जमाना तर वीस वर्षांपूर्वीच आला होता.

त्याला लाज वाटली. नुसती नाही, कानशिलं तापेपर्यंत वाटली. इचलकरंजीचा तो माणूस त्याला आठवला. भिंग चांगलंय हो साहेब, खरंच चांगलंय, असं तो हात जोडून सांगत होता.

“मला सांगितलं का नाही त्यांनी?” सुहास म्हणाला. आवाज चढला होता. “घरात मी आहे, बायको आहे. दवाखान्यात नेलं असतं. हात थरथरतात त्यावर औषधं असतात. एका शब्दानं सांगायचं की नाही माणसानं?”

“दर रविवारी आठ वाजता तुझ्यासमोर येऊन हुबा राहत होता की.”

सुहास मटकन स्टुलावर बसला. मग लगेच उठला. भिंगं एकेक करून पिशवीत टाकू लागला. कागदात न गुंडाळता, एकावर एक.

“काय करतोस?”

“विकून टाकतो सगळी. नको ही थेरं. फोटो काय, फोननं काढीन.”

“ठेव खाली.”

“चाचा, मी…”

“ठेव म्हनलं नव्हं.”

त्यानं ठेवली. मिस्त्रींनी ती पुन्हा टॉवेलवर लावली. सावकाश, अकराही, मघाच्याच क्रमानं. रागावलेल्या माणसासमोर कुणी इतकं सावकाश काम करू नये. सुहासला ओरडावंसं वाटत होतं.

“फोटो कुठनं काढनार होतास?” मिस्त्रींनी विचारलं.

“म्हणजे?”

“हुबा कुठं राहनार?”

सुहासनं सगळ्यात लांबुडकं भिंग दाखवलं. एकशे पस्तीसचं. मनातून त्याची निवड कधीच झालेली होती. नुसता होकार घ्यायला तो आला होता.

“समोर भांड्यांचं दुकान आहे. त्याच्या पायरीवरून. बाबांना कॅमेरा दिसला की ते अवघडतात. रस्त्यापलीकडून काढला तर त्यांना कळणारही नाही.”

“आसं.”

मिस्त्री खुर्चीचा आधार घेऊन उठले. टेबलाला वळसा घालून सुहासच्या पुढ्यात आले आणि दोन्ही हात बाजूला पसरून उभे राहिले.

“माप घे.”

“कसलं?”

“सदऱ्याचं. शिंप्याचा पोरगा हाईस, येत नसंल व्हय?”

सुहासनं इकडं तिकडं पाहिलं. टेप नव्हती. मिस्त्रींनी हनुवटीनं कॅमेऱ्याच्या पट्ट्याकडं खूण केली. सुहासनं तो पट्टा सोडवून घेतला.

छातीचं माप घ्यायला त्यानं मिस्त्रींच्या काखेखालून हात घातले. पट्टा पाठीमागून पुढं आणला. शाळेत असताना सुट्टीत दुकानात बसायचा तेव्हा बाबांनी शिकवलं होतं. टेप आवळायची नाही, त्याला श्वास घेऊ द्यायचा, मग आकडा बघायचा. हातांना सगळं आठवत होतं.

त्याचं तोंड मिस्त्रींच्या खांद्यापाशी आलं. त्यांच्या अंगाला स्पिरिटचा वास होता. सदऱ्याखालच्या बरगड्या हाताला लागत होत्या. डाव्या डोळ्याखाली एक जुना, पांढरा व्रण होता. वर्षभर समोरासमोर बसून सुहासला तो कधी दिसला नव्हता.

“झालं?”

“झालं.”

“आकडा किती?”

“…बघितला नाही.”

“ऱ्हाऊ दे. मधी अंतर किती हुतं?”

सुहासनं पट्टा सोडला. आपले हात कुठवर गेले होते, ते त्यानं मनात मोजलं.

“हातभर. तेवढंही नाही.”

मिस्त्री परत खुर्चीत जाऊन बसले. एकशे पस्तीसचं भिंग त्यांनी उचलून बाजूला ठेवलं. मग अठ्ठावन्नचं. मग पन्नासची चार. एकेक भिंग ओळीतून कमी होत गेलं. शेवटी पोचा आलेलं, नाव झिजलेलं अठ्ठावीसचं तेवढं राहिलं. अकरावं.

ते त्यांनी कापसानं पुसलं. दोनच हात फिरवले. मग सुहासच्या तळहातावर ठेवलं.

सुहासला ते भिंग चांगलं माहीत होतं. त्यातून माणूस नीट यायचा असेल तर हातभर अंतरावर जाऊन उभं राहावं लागतं. लांब उभं राहिलं की माणूस बोटाएवढा येतो आणि दुकान, रस्ता, गटार, सगळं भरभरून येतं. जवळ जायचं, नाहीतर काढायचाच नाही, असं ते भिंग होतं. म्हणून तर त्याला ते आवडलं नव्हतं.

“ह्याचे कोपरे वाईट आहेत चाचा,” तो सवयीनं म्हणाला, आणि स्वतःच थांबला.

मिस्त्रींनी लॅपटॉप बंद केला.

सुहास उभाच होता. भिंग एका हातातून दुसऱ्या हातात घेत होता. जावं की थांबावं ते त्याला कळत नव्हतं. रविवारची सकाळ त्याला आत्ताच दिसत होती. बाबा गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती टेप टाकणार, आणि आपण त्यांच्या श्वासाला श्वास लागेल इतक्या जवळ कॅमेरा घेऊन उभे. एकेचाळीस वर्षं ज्या हातांवर घर चाललं, ते हात डोळ्यांदेखत हलणार. मग बाबा मान वर करणार.

दाराशी जाऊन तो परत फिरला.

“इतक्या जवळ गेलो तर त्यांचा हात दिसेल.”

“दिसंल.”

“आणि मला दिसला, हे त्यांना कळेल.”

मिस्त्री उरलेली दहा भिंगं टॉवेलात गुंडाळत होते. गाठ मारून झाल्यावर त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला.

“कळल्यावरचा काढ,” ते म्हणाले. “त्येच्या आधीचे लई हायेत तुझ्याकडं.”